नोकरी त्याची, बिऱ्हाड साऱ्यांचे

गावातल्या एखाद्या मुलाला मुंबईला किंवा पुण्याला नोकरी लागली की वस्तीत पेढे वाटले जातात. पोराने आईबापाचे नाव काढले, असे सारे म्हणतात. तो आनंद खराच असतो. पण नोकरी लागलेला मुलगा जर बायको-मुलांचा धनी असेल, तर पेढे वाटून झाल्यावर त्या घरात एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याची चर्चा मात्र वस्तीत होत नाही. बिऱ्हाड केव्हा हलवायचे? हलवायचे की नाही? आणि ते ठरवायचे कोणी?

बहुतेक घरांत हे पुरुष एकटा ठरवतो. पगाराचा आकडा ऐकला, की दोन आठवड्यांत बोजाबिस्तरा बांधून कुटुंब रेल्वेत बसते. वर्षभरात त्यातली काही कुटुंबे कर्ज घेऊन परत येतात. मुलांचे शाळेचे वर्ष गेलेले असते, बाईचा गावातला रोजगार सुटलेला असतो आणि घरात एकमेकांवर दोष देणे सुरू झालेले असते. खरे पाहता चूक शहराची नसते आणि नोकरीचीही नसते. हिशेब घाईत झालेला असतो, एवढेच. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आज या पानावर बिऱ्हाड हलवण्याचा हिशेब मांडू या.

शहर आपल्याला परके नाही

खेड्याबद्दल बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत किती कठोर मत मांडले होते, हे आपण जाणतो. गावकुसाबाहेरचे जिणे सोडून आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबईची वाट धरली. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका इथे त्यांनी काम केले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत संसार मांडले. स्वतः बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांनी कुटुंब मुंबईला आणले, तेव्हा लोअर परळच्या डबक चाळीत त्यांनी एक खोली घेतली होती.

पण त्या काळच्या स्थलांतरात आणि आजच्या स्थलांतरात मोठा फरक आहे. त्या वेळी गिरणीत कायम झालेल्या माणसाला कामाच्या जवळ चाळीत जागा मिळत असे, आणि गावचा कोणी ना कोणी त्याच चाळीत असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. आजचे काम भिवंडीच्या गोदामात, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत, मॉलमध्ये, रुग्णालयात, सुरक्षा रक्षक म्हणून किंवा साफसफाईचे असते. ते बहुधा ठेकेदाराच्या हाताखालचे असते. काम एका टोकाला आणि परवडणारी खोली दुसऱ्या टोकाला असते. आजोबा ज्या भरवशावर निघाले तो भरवसा आज कागदावर तपासून घ्यावा लागतो.

पत्र हातात, मग तिकीट

पहिली गोष्ट नोकरीची. नेमणुकीचे पत्र लेखी मागा. पत्र कंपनीचे आहे की ठेकेदाराचे, ते पाहा. पगार सांगताना वरचा आकडा सांगतात, हातात येणारा आकडा निराळा असतो. तेव्हा भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा यांची कपात होऊन हातात किती येणार, हे विचारा. कामाची पाळी कोणती, रात्रपाळी आहे का, आठवड्याची सुट्टी पगारी आहे का, पहिला पगार कोणत्या तारखेला, हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. नोकरी देण्यासाठी गणवेशाचे, ओळखपत्राचे किंवा अनामतीचे पैसे कोणी आधीच फोनवरून मागत असेल, तर तिथेच थांबावे. तो नोकरी देणारा नसून पैसे घेऊन जाणारा असण्याचीच शक्यता अधिक.

आधी कुठे नोकरी केली असेल आणि तिथे भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर ती रक्कम काढून बिऱ्हाडाला लावण्याचा मोह होतो. शक्य असेल तर तो टाळा. यूएएन क्रमांक तोच ठेवून खाते नव्या नोकरीत वर्ग करता येते. १९९५ च्या पेन्शन योजनेत पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. मधेच पेन्शनची रक्कमही काढली, तर ही वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

पगार मोठा, पण शिल्लक?

आता हिशेब करू. खालचे आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, आपापल्या घरचे आकडे घालून प्रत्येकाने वहीत मांडावेत.

समजा, आपला एक भाऊ वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. तालुक्याच्या दुकानात त्याला महिना ९,००० रुपये मिळतात. वहिनी शेतमजुरी करून वर्षाच्या सरासरीने महिन्याला ४,००० आणतात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, म्हातारी आई जवळ. घर स्वतःचे आहे, भाडे नाही. घरात येतात १३,०००, खर्च होतात ११,५००, उरतात १,५००. भावाला भिवंडीजवळच्या गोदामात नोकरी लागते. हातात पडणार १८,०००. म्हणजे गावच्या पगाराच्या दुप्पट!

आता कल्याण-टिटवाळ्याकडच्या चाळीतला खर्च पाहा. खोलीभाडे ६,०००. वीज ७००. बस-रिक्षाचे १,५००. किराणा ६,०००. भाजी-दूध २,५००. गॅस ९००. मुलांच्या शाळेचा वरखर्च १,०००. फोन आणि औषधपाणी १,०००. गावी आईला पाठवायचे २,०००. बेरीज होते २१,६००. हातात येतात १८,०००. दरमहा ३,६०० रुपये कमी पडतात. गावी १३,००० मध्ये दीड हजार उरत होते, शहरात १८,००० मध्ये साडेतीन हजारांवर तूट येते.

हे कसे झाले? गावी दोन माणसे कमावत होती, शहरात एकच कमावतो. गावी न दिसणाऱ्या काही गोष्टी फुकट मिळत होत्या. डोक्यावर छप्पर होते, परसातली भाजी होती, लेकराला सांभाळणारी आजी होती. शहरात त्या प्रत्येक गोष्टीला पैसे मोजावे लागतात.

शिवाय पहिला महिना वेगळाच. अनामत ३०,०००, दलालाचे एक महिन्याचे भाडे ६,०००, पहिले भाडे ६,०००, टेम्पो आणि तिकिटे मिळून ८,०००, पिंप, चटया, भांडी, शेगडी असे ५,००० आणि पगार हातात येईपर्यंतचा किराणा ६,०००. हे झाले ६१,०००. माणूस महिन्याच्या मध्याला कामावर रुजू झाला, तर पहिला पगारही अर्धाच येतो. हे ६१,००० घरात नसले, की आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज घेतले जाते. तूट असलेल्या घरात हप्ता शिरला, की तो निघता निघत नाही.

मग जाऊच नये का? तसे नाही. वहिनींना शहरात सहा-सात हजारांचे काम मिळाले, तर तीच तूट भरून निघते आणि काही शिल्लकही पडते. म्हणजे बिऱ्हाड शहरात टिकेल की नाही, हे भावाच्या पगारापेक्षा वहिनींच्या कामावर आणि लेकराच्या सांभाळावर ठरते. आणि नेमके त्यांनाच कोणी विचारलेले नसते.

बाईला विचारले का?

पुरुषाला शहरात गेल्या दिवसापासून काम असते, कामावर चार सोबती असतात. बाई मात्र दहा बाय बाराच्या खोलीत अनोळखी माणसांत येऊन पडते. गावी तिचा बचत गट होता, शेजारणी होत्या, अडीअडचणीला माहेर जवळ होते. तिच्या नावाची एक पत होती. शहरात तिला पाणी कधी येते इथपासून शिकावे लागते.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी नवरा-बायकोने बसून बोलावे. घरात मुलगी मोठी असेल तर तिलाही जवळ बसवावे. बाईने विचारले, "अहो, तिथं पाणी किती वाजता येतं? लेकरू कोणापाशी ठेवायचं? संडास घरात आहे का बाहेर?" तर हे प्रश्न क्षुल्लक समजू नयेत. आयुष्यातली रोजची बारा तास ज्या प्रश्नांवर चालायची आहेत, ते हेच प्रश्न आहेत. ती नको म्हणाली, तर ती आडवी आली असे न समजता ती काय पाहते आहे, ते समजून घ्यावे.

भगिनींनो, तुम्हीही निघण्यापूर्वी काही गोष्टी उरकून घ्या. बचत गटाचे कर्ज असेल तर ते कसे फेडायचे, ते गटाच्या बैठकीत ठरवून घ्या. तुमच्यासाठी जामीन राहिलेल्या शेजारणीच्या डोक्यावर ते टाकून जाऊ नका. तुमची शिल्लक लिहून घ्या. बँकेचे खाते तुमच्या नावावर असू द्या आणि फोन क्रमांक खात्याला जोडलेला तोच चालू ठेवा. शहरात कोणते काम करता येईल, शिवण, स्वयंपाक, पाळणाघर, रुग्णालयातली सेवा, पॅकिंग, याची चौकशी तुम्ही स्वतः तिथल्या नात्यातल्या बाईकडे करा. नवऱ्याला ती माहिती कळणार नाही.

आधी एकटा, मग घर

नोकरी लागली म्हणून सगळ्यांनी एकदम जाणे आवश्यक नाही. पहिले तीन महिने माणसाने एकट्याने जावे. नोकरी खरी आहे का, पगार वेळेवर होतो का, ठेकेदार कसा आहे, हे तीन पगारांत कळते. नातेवाइकाकडे राहायचे असेल तर किती दिवस, हे आधीच बोलून घ्यावे आणि जेवणखाणाचा वाटा न मागता द्यावा. एका खोलीत सहा माणसे राहत असताना सातवा आला, की त्या घरच्या वहिनीला पहाटे एक तास आधी उठावे लागते, हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या टप्प्यात, अनामत देण्यापूर्वी बाईला एकदा शहरात बोलावून खोली दाखवावी. तिकिटाचे पैसे वाया गेले असे वाटेल, पण न पटलेली खोली सहा महिन्यांत बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडते. तिसऱ्या टप्प्यात, मुलांची वार्षिक परीक्षा झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यात बिऱ्हाड हलवावे. विदर्भातल्या कुटुंबांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनमध्ये काही दिवस उशिरा उघडतात. मुंबई-पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यालाच सुरू होतात. गावच्या तारखेवर राहिलात तर मूल वर्गात पहिल्याच आठवड्यात मागे पडेल.

खोली पाहताना

खोली दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहा. रात्री परतणाऱ्या बाईला गल्लीत उजेड आहे का, ते दिवसा कळत नाही. पाणी किती वाजता, किती वेळ आणि किती जणांत येते, हे मालकाला न विचारता शेजारच्या बाईला विचारा. संडास किती घरांत एक आहे? पावसाळ्यात खोलीत पाणी शिरते का? भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची रेघ दिसली, तर उत्तर मिळाले असे समजा. विजेचा मीटर वेगळा आहे की मालक मनाला येईल तो दर लावतो, तेही पाहा.

भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे दलाल सांगतात. ते महाराष्ट्रात खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने नोंदणी केली नाही आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कराराची प्रत मुलांच्या शाळेला, बँकेला, गॅसला, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून लागते. मालक रोख अनामत घेत असेल तर पावती घ्या, शक्यतो पैसे बँकेतूनच द्या.

काही ठिकाणी 'हेवी डिपॉझिट' म्हणून दोन-तीन लाख एकरकमी घेतात आणि भाडे घेत नाहीत. नोंदणीशिवाय असा व्यवहार म्हणजे आयुष्याची पुंजी एका माणसाच्या शब्दावर ठेवणे होय. आणि गावची जमीन विकून पहिल्याच वर्षी शहरात खोली विकत घेण्याचा विचार तर मुळीच करू नका. वसई-विरार भागात नालासोपारा येथे २०२४-२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. तिथे राहणाऱ्यांतल्या अनेकांनी पैसे मोजूनच घरे घेतली होती. बांधकामाला परवानगी आहे का, जमीन कोणाची आहे, हे वकिलाकडून तपासल्याशिवाय रुपयाही देऊ नये.

आडनाव विचारले जाते तेव्हा

शहरात जात विचारत नाहीत, असे गावी सांगितले जाते. शहरात जात सरळ विचारत नाहीत, एवढेच खरे. "पूर्ण नाव काय?" "गाव कुठलं?" "खाणंपिणं कसं?" असे विचारतात. आणि मग उद्या सांगतो म्हणतात. तो उद्या कधी येत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जाते, हे त्यात दिसून आले.

नोकरीसाठी नव्या शहरात गेलेल्या माणसाला छप्पर न मिळण्याची सर्वांत प्रसिद्ध हकिगत आपल्याला ठाऊकच आहे. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडहून परतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. त्यांना कोणी जागा देईना. पारशी पथिकाश्रमात ते पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला सांगितले. दोन मित्रांकडे विचारणा केली, दोघांनीही जागा दिली नाही. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंत वाट पाहिली आणि ते मुंबईला परतले. एवढी विद्या, एवढी मोठी नोकरी, आणि खोली नाही म्हणून नोकरी सुटली.

शंभराहून अधिक वर्षांनंतर आपल्या हाती कायदा आहे, मतदान आहे, शहरोशहरी आपली माणसे आहेत. तरीही खोलीसाठी आडनाव बदलून सांगणारी, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत ठेवणारी कुटुंबे आजही आहेत. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पावसात लेकरे घेऊन उभे राहिलेल्या माणसाची अडचण तोच जाणतो. पण या लपवण्याची किंमत मुले मोजतात. घरी काय जेवलो, सुट्टीत कुठल्या जयंतीला गेलो, आपण कोण, यावर शाळेत खोटे बोलायला आपण त्यांना शिकवतो. आणि मालकाला कधीतरी कळतेच, तेव्हा अनामत अडकलेली असते.

त्यापेक्षा पहिल्या भेटीतच मोकळेपणाने नाव सांगावे. ज्याला द्यायची नाही त्याने आजच नाही म्हणावे, आपली अनामत तरी वाचेल. खोली शोधायला सुरुवात दलालापासून न करता आपल्या माणसांपासून करावी. गावचे कोणी, कामावरचे सहकारी, जवळच्या विहाराच्या रविवारच्या बैठकीला येणारी मंडळी यांना विचारावे. घाटकोपर, चेंबूर, कल्याण, उल्हासनगर, पुण्यात येरवडा, दापोडी, पिंपरी, देहूरोड, सगळीकडे आपली वस्ती आहे. आणि घर नाकारताना कोणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ खाली तो गुन्हा आहे. त्या वेळी तिथे असलेल्या साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत आणि ताबडतोब लेखी तक्रार द्यावी.

मुलांचे वर्ष बुडू देऊ नका

आपल्या घरात एका पिढीचे शिक्षण बुडाले, तर त्याची भरपाई पुढच्या पिढीला करावी लागते. म्हणून मुलांच्या शाळेचा विचार खोलीच्या आधी झाला पाहिजे.

समाधानाची एक गोष्ट अशी की राज्य मंडळाच्या मराठी शाळेत वाशीमला जे बालभारतीचे पुस्तक असते, तेच कल्याणला असते. अभ्यासक्रम बदलत नाही. म्हणून गाव बदलताना त्याच दमात माध्यमही बदलू नका. सातवी-आठवीतल्या मराठी माध्यमाच्या मुलीला एकदम इंग्रजी शाळेत घातले, की नवे शहर, नवी भाषा आणि नवे वर्ग असा तिहेरी भार तिच्यावर पडतो. लहान मूल पहिलीत जाणार असेल तर गोष्ट वेगळी.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाने शाळा बदलायची असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही घ्यावे लागते. शाळेने टाळाटाळ केली तर हे शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितले की काम होते. आजकाल मुलाचे नाव संगणकावरही असते. जुन्या शाळेने ते सोडले आणि नव्या शाळेने घेतले, याची दोन्हीकडे खात्री करा.

दहावी-बारावीच्या मुलाला मात्र वर्षाच्या मध्यात हलवू नका. परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत गुण तिथेच असतात. ते वर्ष मामाकडे किंवा वसतिगृहात काढू द्या. दहावीनंतर शिकणाऱ्या मुलांना समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात. पाचवी ते दहावीच्या मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही शाळा बदलल्यावर नव्या मुख्याध्यापकांना आठवण करून मागून घ्यावी लागते.

एका खोलीत अभ्यास कसा व्हायचा, असे आई-वडील म्हणतात. डबक चाळीतल्या खोलीत रामजीबाबा भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवीत आणि घर शांत झाल्यावर रात्री दोनला अभ्यासाला उठवीत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. आजही खोलीत दोन तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवणे कोणत्याही कुटुंबाला शक्य आहे.

गाव सोडण्यापूर्वी हे कागद घ्या

सर्वांत महत्त्वाचा कागद जातीच्या दाखल्याचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या दिवशी आपले आजोबा-पणजोबा जिथे राहत होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून दाखला मिळतो. म्हणजे मुले शहरात जन्मली, वाढली, तरी दाखल्यासाठी मूळ तालुक्यालाच यावे लागते. म्हणून गाव सोडण्यापूर्वी आजोबांच्या प्राथमिक शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जे मिळेल ते काढून ठेवा. मुलांचे दाखले आणि जमल्यास घरातील एकाची तरी पडताळणी उरकून घ्या. बारावीनंतर प्रवेशाच्या घाईत अकोला-वाशीमच्या गाड्या पकडणारे पालक दरवर्षी दिसतात. आपल्या कागदांवर धर्म बौद्ध आणि मूळ जातीची नोंद यांत एकवाक्यता आहे का, तेही पाहा. १९९० च्या कायद्याने बौद्ध धर्मांतरितांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण नोंदीतल्या घोळामुळे अनेकांची कामे अडतात.

सुरत, हैदराबाद, बंगळूर अशा परराज्यात जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. महाराष्ट्राचा अनुसूचित जातीचा दाखला घेऊन दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तसा निर्णय दिलेला आहे.

रेशन कार्डाची काळजी करू नका. एक देश एक रेशन कार्ड व्यवस्थेत अन्न सुरक्षा यादीतले कुटुंब आधारच्या अंगठ्यावर कोणत्याही शहरातल्या दुकानातून धान्य घेऊ शकते. घरातली काही माणसे गावी राहिली, तर त्यांचा वाटा ते गावी उचलू शकतात. म्हणून घाईने गावचे कार्ड रद्द करू नका. गॅस जोडणी मात्र जुन्या एजन्सीकडे जमा करून तिचा कागद घ्या. लहान मुलाचे लसीकरण कार्ड, गरोदर बाईचे तपासणीचे कार्ड, म्हाताऱ्या माणसाच्या औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी टेम्पोत न टाकता आपल्या हातात ठेवा.

मागे राहिलेली माणसे

आई म्हणते, "मी इथंच बरी. तुम्ही जा." त्या बोलण्यात राग असतो की खरी इच्छा असते, हे मुलाने ओळखले पाहिजे. शहराच्या खोलीत तिचे मन रमत नाही हे खरे, पण गावी ती आजारी पडली तर पाणी कोण देणार? शेजारच्या एखाद्या घराशी बोलून ठेवा. त्या घराला फुकट राबवू नका, सणावाराला त्यांच्या मुलांना कपडे आणा. आईचे पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाठवा. तारीख पक्की असली की म्हाताऱ्या माणसाला मागावे लागत नाही. गावच्या घराचा उतारा आणि शेतीच्या तुकड्याचा सात-बारा वर्षातून एकदा काढून पाहा. दूर गेलेल्या माणसाच्या जमिनीवर इतरांची नजर असते.

पहिले वर्ष

पहिले वर्ष कठीणच जाते, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच समजून घ्यावे. त्या वर्षात नवा फोन, फ्रिज, दुचाकी हप्त्यावर घेऊ नका. गावच्या लग्नात शहरवाल्याने मोठा आहेर करावा, ही अपेक्षाही नम्रपणे टाळा. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम साठेपर्यंत बाकी सारे थांबवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी नवरा-बायकोने वही काढून बसावे, आलेले आणि गेलेले लिहावे. वही बाईच्या हातात असली तर अधिक चांगले.

आणि सहा महिन्यांनी सगळ्यांनी मिळून एकदा स्पष्ट बोलावे. जमते आहे का? मुले रमली का? बाईची तब्येत कशी आहे? जमत नसेल, तर परत जाण्यात कमीपणा नाही. तालुक्याच्या गावी, जिल्ह्याच्या ठिकाणी, लहान शहरातही नोकरी शोधता येते. लोक काय म्हणतील म्हणून कर्जात शहर धरून बसण्यापेक्षा वेळेवर मागे येणे शहाणपणाचे आहे. जमत असेल, तर पुढच्या वर्षी गावाहून येणाऱ्या नव्या कुटुंबाला तुमच्याकडची माहिती द्या. पाण्याची वेळ, चांगली शाळा, भरवशाचा मालक, बाईला मिळणारे काम, हे सारे त्यांना सांगा. तुम्हाला जे सांगणारे कोणी नव्हते, ते त्यांना मिळाले पाहिजे.

या अंकाचे हे पान नवऱ्याने वाचले असेल, तर ते घडी घालून खिशात ठेवू नये. घरी गेल्यावर पत्नीला वाचून दाखवावे, आणि वही-पेन घेऊन दोघांनी आपल्या घरचे आकडे मांडावेत.